चेन, चॅन, तान, त्रान, चर्न, झेन: एकाच आडनावाच्या इतक्या तऱ्हा कशा?

सूचीकार
आशियाच्या आधुनिक इतिहासावरच्या एका मराठी पुस्तकाची नामसूची करायची आहे. मूळ संदर्भ इंग्रजीतले, त्यामुळे नावं रोमन लिपीतून मराठीत आली आहेत आणि घोळ झाला आहे. अडलेली नावं ही: चेन दूश्यू, तान काह की, गणिती एस. एस. चर्न, हाँगकाँगचे कार्डिनल झेन, व्हिएतनामचा सेनापती त्रान हुंग दाओ, जॅकी चॅन, संगीतकार तान दुन आणि इंडोनेशियाचा तान मलाका.

यातली कोणती नावं एकाच आडनावाची आहेत? आणि मराठीत ते आडनाव लिहायचं कसं?

मूर्धन्य
सुरुवात अक्षरापासून करा. चिनी आडनाव म्हणजे एक चित्राक्षर. रोमन स्पेलिंग हा त्याचा उच्चार कुणीतरी, कुठल्यातरी बोलीत ऐकून केलेला टाक. बोली बदलली की टाक बदलतो, अक्षर तेच राहतं.

तुमच्या ‘चेन’चं अक्षर दोन तुकड्यांचं आहे. डावीकडे कानासारखं वळण (मुळात ते मातीच्या चढाचं चिन्ह, पण सगळे त्याला कानच म्हणतात) आणि उजवीकडे ‘पूर्व दिशा’. फोनवर नाव सांगताना चिनी माणूस म्हणतो, ‘अर-तुंग छन’ (चेनचा उत्तरेतला उच्चार छन), म्हणजे ‘कान-पूर्ववाला छन’. आपण ‘पोटफोड्या ष’ म्हणतो ना, अगदी तसं. उच्चार सारखा असलेली इतर अक्षरं पुष्कळ असल्यामुळे हे सांगावंच लागतं.

जुन्या, पारंपरिक रूपात या अक्षराचे ११ फटकारे, चीनच्या सोप्या केलेल्या रूपात ७. तैवानमध्ये नावाचं शुभाशुभ बघणारे मात्र १६ मोजतात, कारण ते कानाऐवजी त्याचं मूळ आठ फटकाऱ्यांचं रूप धरतात. संगणकावर शोधताना दोन्ही रूपं वेगवेगळी शोधा. युनिकोडमध्ये पारंपरिक रूप ९६७३ वर आहे आणि सोपं ९६४८ वर (दोन्ही षोडशमान पद्धतीत). एकच टाकलं तर तैवान-हाँगकाँगची किंवा चीनची अर्धी पानं हाती लागतच नाहीत.

आणखी एक खात्रीचा धागा: हाँगकाँगच्या ओळखपत्रावर चिनी नावासोबत प्रत्येक अक्षराचा चार आकडी तार-संकेत छापलेला असतो. तारेच्या जमान्यात चित्राक्षरं पाठवता येत नसत, म्हणून हे आकडे आले. या आडनावाचा आकडा ७११५. स्पेलिंग काहीही असो, ७११५ दिसलं की हेच आडनाव.

तांबडी माती
उगमाबद्दल थोडं. हे गावावरून पडलेलं, म्हणजे आपल्या ‘-कर’च्या जातीचं आडनाव आहे. फक्त गावाच्या जागी राज्य घाला.

परंपरा अशी: इ.स.पू. १०४६च्या सुमारास झोऊ घराण्याच्या वू राजाने शांग घराणं उलथवलं. मग जुन्या पुण्यश्लोक राजांचे वंशज शोधून त्यांना छोटी-छोटी राज्यं वाटली. शुन या दंतकथेतल्या सम्राटाचा वंशज ग्वै मान याला चेन नावाचा मुलूख मिळाला. राजधानी वानछ्यू, म्हणजे आजच्या हनान प्रांतातलं हुआयांग. मरणोत्तर नाव हू, म्हणून इतिहासात तो ‘चेनचा हू’.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या काळी ‘शिंग’ आणि ‘शी’ असे दोन प्रकार होते. शिंग हे कुळाचं नाव, लग्नं जुळवताना बघायचं. या घराण्याचं शिंग ग्वै, आणि त्या अक्षरात ‘स्त्री’चं चिन्ह आहे, सर्वांत जुन्या बऱ्याच शिंगांत ते असतं. शी हे शाखेचं, जहागिरीचं नाव. गोत्र आणि आडनाव यांच्यात आपल्याकडे जो फरक, साधारण तोच. पुढे दोन्ही एक झाली आणि आज ‘शिंगशी’ म्हणजे नुसतं आडनाव.

इ.स.पू. ४७८च्या सुमारास (काही ठिकाणी ४७९ दिलंय) दक्षिणेच्या छू राज्याने चेन गिळलं. राज्य गेलं, लोकांनी त्याचं नाव लावलं.

पण सगळे चेन तिथलेच असं समजू नका. पाचव्या शतकाच्या शेवटी उत्तर वै घराण्याच्या श्याओवन सम्राटाने आपल्या श्यनपै लोकांना चिनी आडनावं घ्यायला लावली. तेव्हा ‘होउमोछन’ या तीन अक्षरी आडनावाचं शेवटचं अक्षर तेवढं उरलं. ती मंडळीही चेन झाली.

‘शंभर आडनावं’ या सोंग काळातल्या पाठांतराच्या पोथीत चेन दहावं आहे. आज चीनमध्ये ते संख्येने पाचवं, तैवानमध्ये पहिलं. तिकडे म्हणच आहे: चेन आणि लिन मिळून अर्धी दुनिया.

रफार
तांबडी माती यांनी एक मोठी शाखा सोडली, आणि उच्चाराचं कोडं तिच्यातच सुटतं.

इ.स.पू. ६७२मध्ये चेनचा वान नावाचा राजपुत्र पळून छी राज्यात (आजचा शानदोंग) गेला. त्याच्या वंशजांनी हळूहळू छीचं सिंहासनच बळकावलं आणि इ.स.पू. ३८६मध्ये झोऊ राजाकडून मान्यताही मिळवली. इतिहासात हे घराणं ‘थ्यन’ म्हणून नोंदलेलं आहे. प्रश्न असा की चेनचं थ्यन कसं झालं? उत्तर अठराव्या शतकात छ्यन दाशिन या पंडिताने दिलं: झालंच नाही! त्या काळी दोन्ही अक्षरांचा उच्चार जवळपास एकच होता. आज ‘च’ वर्गात ऐकू येणारे कित्येक शब्द प्राचीन काळी ‘त’ वर्गात होते, त्यातलाच हा एक.

आता आपली वर्णमाला समोर ठेवा: च, ट, त. हे आडनाव ती उलटी चढत गेलं. आधी त-द सारखं काहीतरी. थांग काळात (७वं शतक) मूर्धन्य, साधारण ‘डिन’. आणि आज उत्तरेत ‘छन’.

मधल्या ट वर्गाच्या पायरीचा पुरावा आपल्या घरातलाच आहे. ह्युएनत्संगाने महाराष्ट्राचं नाव चार चिनी अक्षरांत लिहिलं. ती अक्षरं आजच्या चिनीत वाचली तर ‘मो-ह-ला-छा’ असं ऐकू येतं. ‘राष्ट्र’मधल्या ट साठी तो ‘छा’ कशाला वापरेल? त्याने जे अक्षर निवडलं त्याचा तेव्हाचा उच्चार ‘ठा’सारखा होता. नंतर ट वर्ग घसरून च वर्ग झाला. त्याच लाटेत ‘डिन’चं ‘छन’ झालं.

गंमत म्हणजे खुद्द ह्युएनत्संगाचं घरचं आडनाव हेच. जन्म ६०२, लोयांगजवळ, घराणं चेन.

चहाबिस्किट
मो-ह-ला-छा वाचून महाराष्ट्र दिन साजरा केला. :)
पण मग सिंगापूरवाले ‘तान’ का म्हणतात? ते घसरले नाहीत?

रफार
नाहीच घसरले. सिंगापूरचे बरेच चिनी मूळचे दक्षिण चीनमधल्या फुजियनकडचे. तिथल्या मिन बोली मूळ झाडापासून फार लवकर फुटल्या, ट वर्गाची पायरी यायच्या आधीच. त्यामुळे त्यांच्याकडे त टिकला: होक्क्येनमध्ये तान, तेओच्यूमध्ये तांग, फूचौमध्ये तिंग. व्हिएतनामी ‘त्रान’ ही थांग काळाच्या उत्तरार्धातली उसनवारी. तिथे रोमन लिपीत टी-आर लिहितात, आणि दक्षिण व्हिएतनाममध्ये तो उच्चार आजही ट सारखा मूर्धन्य आहे. त्रान नाही, ‘टन’च्या जवळचा. हनोईत मात्र तोही ‘चन’ झालाय, म्हणजे तिकडेही तीच घसरगुंडी.

पुढचा प्रश्न कुणी विचारायच्या आत: छ मध्ये ह-कार कुठून आला आणि तान मध्ये का नाही? ‘डिन’चा ड घोष (कंठात कंप असलेला) होता. पुढे बहुतेक बोलींत घोष व्यंजनं अघोष झाली. होताना उत्तरेच्या चिनीत आणि कँटनीजमध्ये (ग्वांगझौ-हाँगकाँगकडची बोली) ‘सम’ सुरातली महाप्राण झाली (चिनीत प्रत्येक शब्दाला ठरलेला सूर असतो, त्यातला हा एक), हक्का बोलीत सरसकट महाप्राण झाली, मिनमध्ये बहुधा अल्पप्राण राहिली. म्हणून छन, पण तान. शांघायच्या बोलीत घोष टिकला: ‘जाळं’तल्या ज सारखा घर्षणाचा आवाज, रोमनमध्ये झेड. कार्डिनल झेन यांचा जन्म १९३२, शांघाय. ते हाँगकाँगचे बिशप झाले तरी आडनाव शांघायचंच राहिलं.

मूर्धन्य
देवनागरीची इथे मजा आहे. रोमन ‘टी-ए-एन’मध्ये दोन वेगळी आडनावं मिसळतात. होक्क्येनचं आपलं आडनाव अल्पप्राण: तान. उत्तरेच्या चिनीतलं दुसरंच एक आडनाव (डावीकडे ‘बोलणे’ हे चिन्ह असलेलं) महाप्राण: थान. संगीतकार तान दुन हुनानचे, ते हे दुसरे. त्यांना ‘थान दुन’ लिहिलंत की प्रश्नच मिटला. इंग्रजीला जे दाखवता येत नाही ते आपल्याला एका अक्षरात दाखवता येतं, पण आपण इंग्रजीवरून ‘टॅन’ लिहून ते घालवतो.

कँटनीज सी-एच-ए-एनमधला च हा ‘चाक’मधला दंत्य च, ‘चार’मधला नव्हे, त्यावर श्वासाचा झोत, आणि पुढचा अ आखूड. ‘चॅन’ हा निव्वळ इंग्रजी वाचनाचा प्रसाद.

शाईचा डाग
बोली झाली, आता स्पेलिंग ठरवणारे कारकून. निम्मा घोटाळा त्यांचा.

चीन: १९५८पासून पिनयिन ही सरकारी रोमन लेखनपद्धत, म्हणून सी-एच-ई-एन. इथे ‘ई’चा उच्चार ए नाही, अ आहे. ‘क्षण’शी यमक जुळतं, ‘बेन’शी नाही.

तैवान: जुनी वेड-जाइल्स पद्धत. तिच्यात महाप्राणासाठी सी-एच नंतर वरती स्वल्पविरामासारखी खूण लागते. पारपत्रावर ती गळते, मग उरतं सी-एच-ई-एन. पिनयिनशी जुळणं हा योगायोग. धोका असा की वेड-जाइल्समध्ये खुणेशिवायचं सी-एच-ई-एन म्हणजे पिनयिनचं ‘झन’, ते आडनाव निराळं. जुन्या इंग्रजी पुस्तकात खूण छपाईत गळलीय की मुळात नव्हतीच, हे त्याच पुस्तकातल्या इतर नावांवरून ठरवा. बाकी नावांत खुणा शाबूत असतील तर इथे ती नसणं अर्थपूर्ण आहे.

चर्न: इथे बहुतेक जण आपटतात. १९२८मध्ये चीन सरकारने ‘ग्वोयू रोमात्स्र’ नावाची पद्धत स्वीकारली होती. तिच्यात सूर दाखवायला डोक्यावर चिन्हं नाहीत, स्पेलिंगच बदलतं. दुसरा, चढता सूर असेल तर आर घालायचा. म्हणजे चर्नमधला र उच्चारायचाच नाही, तो सूर आहे. त्यांच्या नावात पहिल्या शब्दात आय दोनदा येतो, तोही तिसऱ्या सुराची खूण. तुम्ही ‘चर्न’ लिहून त्यावर चढवलेला रफार हा खरं तर गाण्यातली मींड आहे. (वरच्या रफार यांनी रागावू नये.)

हवाई: चुंगशानच्या बोलीवरून सी-एच-यू-एन. अमेरिकेतले जुने स्थलांतरित तायशान भागातले, त्यांचं सी-एच-आय-एन. हवाईत आणखी एक प्रकार झाला. एकोणिसाव्या शतकातला धनाढ्य व्यापारी चुन आफाँग, याचं आडनाव चुन. ‘आ’ हा नुसता लाडाचा प्रत्यय, बाळू-बंडूमधल्या ऊ सारखा, आणि फाँग हे नाव. अमेरिकन कागदपत्रांत शेवटचा शब्द आडनाव धरला गेला आणि वंशज झाले आफाँग. मूळ आडनाव कागदावरून गायब.

इंडोनेशिया: डच वळणामुळे हक्का छिनचं टी-जे-एच-आय-एन. १९६६च्या १२७ क्रमांकाच्या निर्णयानंतर चिनी वंशाच्या लोकांनी इंडोनेशियन धाटणीची नावं घेतली. त्यात जुनं आडनाव पोटात लपवायची पद्धत पडली: तानोतो, तानुविजाया, हार्तांतो. पण पोटात ‘तान’ सापडलं म्हणजे चेन असं नाही. सुतांतो हे चांगलं जावाचं देशी नावही आहे.

फिलिपिन्स: होक्क्येन तान, कधी पूर्ण नाव जोडून एकच आडनाव. शेवटी ‘-को’ दिसलं तर तो ‘दादा’ या अर्थाचा आदरार्थी प्रत्यय, आपल्या ‘राव’सारखा. कोराझोन अक्विनोंचं माहेरचं कोहुआंगको असंच बनलं, फक्त त्यातलं मूळ आडनाव वेगळं (चिनी उच्चार श्यू).

तांबडी माती
दुरुस्ती नाही, पुरवणी. तीन शहरांतल्या कुलमंदिरांच्या पाट्या शेजारी ठेवा. ग्वांगझौमध्ये १८९४ला पूर्ण झालेलं ‘छन शी शूयुआन’, क्वालालंपूरमध्ये १९०६चं ‘चान शी शू युएन’, सिंगापूरमध्ये ‘तान सी चोंग सू’. तिन्हींची पहिली दोन अक्षरं हुबेहूब एक: हे आडनाव आणि ‘शी’. पहिल्या दोन मंदिरांत तर चारही अक्षरं तीच.

अशा मंदिरांच्या आणि जुन्या घरांच्या दारावर, थडग्यांवरही, आडनावाऐवजी पुष्कळदा ‘यिंगछुआन’ कोरलेलं असतं. हान काळात त्या परगण्यात छन श (१०४–१८७) नावाचा सज्जन अधिकारी होऊन गेला. तुळईवर दडलेला चोर दिसल्यावर त्याने आरडाओरडा केला नाही, मुलांना बोलावून ‘तुळईवरच्या सद्गृहस्था’चा दाखला देत उपदेश केला, आणि चोर खाली उतरून पाया पडला. आजही चिनीत चोराला ‘तुळईवरचे सद्गृहस्थ’ म्हणतात. तर यिंगछुआन ही या घराण्याची ओळख. पण चुंग आणि लाय आडनावांचे लोकही तीच पाटी लावतात. एवढ्यावरून निकाल देऊ नका.

चहाबिस्किट
मुंबईत माझगावला डॉकयार्ड रोडजवळ चिनी देऊळ आहे, सी यिप कून. तिथल्या लोकांचं काय म्हणावं?

मूर्धन्य
नावातच उत्तर आहे. सी यिप म्हणजे ‘चार तालुके’: तायशान, खायफिंग, शिन्हुई, अनफिंग. देऊळ १९१९चं. या चार तालुक्यांच्या बोलीत आपलं आडनाव ‘छिन’च्या जवळ जातं, पण कागदोपत्री बरेचदा शहरी कँटनीज स्पेलिंग येतं. कोलकात्याच्या टांग्रातले हक्का, त्यांचाही उच्चार छिनच. म्हणून सी-एच-आय-एन बघून बोली ठरवू नका. आणि वेड-जाइल्समध्ये हेच स्पेलिंग ‘सोनं’ या अर्थाच्या ‘जिन’ आडनावाचंही असतं.

अवांतर: सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना चीनमध्ये ‘ख तिह्वा’ नाव मिळालं. को साठी ‘ख’ हे खरंखुरं चिनी आडनाव निवडलं आणि शेवटी ‘ह्वा’ म्हणजे चीन. भारतातून चीनला गेलेल्या त्यांच्या वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या नावाला ह्वा लागला, नागपूरच्या चोळकरांच्याही. त्या ‘ख’ला होक्क्येनमध्ये क्वा म्हणतात. म्हणजे कोटणीस सिंगापूरला असते तर डॉ. क्वा झाले असते.

सूचीकार
सगळ्यांचे आभार. पण चित्राक्षर मिळालंच नाही तर? जुन्या संदर्भांत फक्त रोमन नाव असतं.

शाईचा डाग
मग आडनाव सोडा, पुढचं नाव बघा. आडनाव फसवतं, नाव सहसा खरं बोलतं.

क्वोक, वाय, सिउ, केउंग असले शब्द दिसले की कँटनीज. काह, की, हुआत, सेंग, हॉक दिसले की होक्क्येन किंवा तेओच्यू. एक्स, क्यू, झेड-एच ही अक्षरं असली तर पिनयिन. मधे जोडरेघ, एच-एस, सी-एच-आय-एच असे गुच्छ म्हणजे वेड-जाइल्स, बहुधा तैवान. स्वर दुप्पट किंवा अनाठायी आर म्हणजे १९२८ची पद्धत.

यानंतर देश. सिंगापूरमध्ये एकाच माणसाची दोन स्पेलिंगं अधिकृतपणे चालतात. तिथल्या ओळखपत्रावर बोलीतल्या नावाबरोबर पिनयिन नावही असू शकतं. त्यामुळे तान काह की आणि चेन ज्यागंग दोन माणसं समजून दोन नोंदी करू नका. शियामन विद्यापीठ (१९२१) काढणारे हेच गृहस्थ, सिंगापूरच्या मेट्रो स्थानकावर तान काह की आणि चीनच्या पुस्तकांत चेन ज्यागंग.

सगळ्यात शेवटी क्रम. इंग्रजी नाव पुढे असेल तर आडनाव मागे जातं, नसेल तर पुढे राहतं. तीन शब्दी नावात एकच शब्द सुटा आणि दोन जोडरेघेने बांधलेले असतील तर सुटा तो आडनाव.

फसण्याच्या जागा: सी-एच-ए-एन हे होक्क्येनमध्ये वेगळ्याच आडनावाचं स्पेलिंग आहे (चिनी ‘त्संग’). डचांनी तेच टी-जे-ए-एन केलं. ते पाहून चेन समजाल, पण तो त्संग निघेल. टी-आय-एन-जी हे मलेशियाच्या सारावाकमधल्या सिबूत दिसलं तर फूचौचा चेन असू शकतो, पण ‘तिंग’ हे स्वतंत्र आडनावही आहे. इथे अक्षराशिवाय गत्यंतर नाही.

मूर्धन्य
तुमची यादी मग अशी लागते. चेन दूश्यू, तान काह की, चर्न, झेन, त्रान हुंग दाओ: पाचही एक अक्षर. त्रान बाबत एक पथ्य पाळा. त्रान घराण्याने (१२२५–१४००) व्हिएतनामवर राज्य केलं, पूर्वज फुजियनकडचे सांगतात, पण आज तिथे दर नऊ-दहा माणसांत एक त्रान आहे आणि त्यातले बहुसंख्य वंशाने व्हिएतनामीच. म्हणून अक्षर एक म्हणा, कुळ एक म्हणू नका. शिवाय ‘हुंग दाओ’ ही पदवी. मूळ नाव त्रान क्वोक तुआन, तिथूनही निर्देश द्या.

जॅकी चॅन: कागदावर चान काँग-सांग, अक्षर हेच. पण वडिलांचं मूळ आडनाव फांग, ते बदलून घेतलेलं. तान दुन: थान, वेगळी नोंद. तान मलाका: चिनी नव्हेच. तो सुमात्राचा मिनांगकाबाऊ, ‘तान’ हा त्याच्या पारंपरिक किताबाचा तुकडा. त्याला या गटात घातलंत तर पुस्तक परत छापावं लागेल.

रफार
लिहिण्याबद्दल माझं मत: माणूस जसं स्पेलिंग वापरतो त्या बोलीचा उच्चार द्या, सगळ्यांना ‘छन’ करू नका. तान काह कीला छन करणं म्हणजे कुलकर्ण्यांना कुळकर्णी करण्याइतकंच आगाऊपणाचं. मुख्य नोंद ‘चेन (छन)’ आणि तिच्याखाली ‘तान, चान, त्रान, झेन, चर्न पाहा’. चर्नच्या पुढे कंसात ‘उच्चार छन’. जॅकी चॅन मात्र चॅनच राहू दे, पोस्टरवर तेच आहे.

सूचीकार
ठीक. शेवटचा प्रश्न: ह्युएनत्संगाला याच गटात घेऊ का? घरचं आडनाव चेन म्हणालात म्हणून.

रफार
नको. भिक्षू झाल्यावर घरचं आडनाव सुटतं. चौथ्या शतकात दाओआन या भिक्षूने पायंडा पाडला की सगळ्या भिक्षूंनी शाक्यमुनींच्या ‘शाक्य’वरून एकच आडनाव लावायचं, चिनीत ‘श’. ह्युएनत्संगाला ह-खाली ठेवा. आणि पुस्तकात कुठे व्हिएतनामी भिक्षू थिच न्हात हान्ह किंवा हाँगकाँगचा एखादा ‘सिक’ अमुक भिक्षू आला असेल, तर ते थिच, ते सिक आणि तैवानचं एस-एच-आय-एच हे पुन्हा एकच अक्षर आहे. त्यांनाही एकाच ठिकाणी आणावं लागेल.